किक कोण मारणार?

मागच्या नोव्हेंबरात बाबांचा उजवा पाय घोट्यापासून प्लास्टरमध्ये होता. ऐन धानाच्या हंगामात. बांध्यांमधली कापणी उरकत आली होती, पुंजणे रचून झाले होते, थ्रेशरचा नंबर लागायचा होता आणि बाबा ओसरीवर खुर्चीत पाय वर करून बसले होते. कसं झालं म्हणून फोनवर विचारलं तर म्हणाले, "काई नाई गा, अंगनात घसरलो." मी पुण्यात होतो. काळजी व्यक्त केली, दोन सल्ले दिले आणि कामाला लागलो.

तीन आठवड्यांनी आसगावला गेलो तेव्हा खरं काय ते कळलं, आणि तेही बाबांकडून नाही. गावातल्या मिस्त्रींनी सांगितलं. बाबा घसरले नव्हते. त्यांच्या बुलेटची किक उलटली होती. ती उलटली, कारण दिवाळीच्या सुट्टीत मी त्या बुलेटचं टायमिंग 'बरोबर' लावून गेलो होतो.

हा लेख त्या 'बरोबर' या शब्दाबद्दल आहे.

सिगारेटचा कागद आणि व्हर्निअर

बाबांची बुलेट १९८६ची आहे, साडेतीनशेची, पॉइंटवाली. आजच्या गाड्यांमध्ये ठिणगी कधी पडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. या गाडीत ते दोन छोटे धातूचे पॉइंट ठरवतात. ते उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते. ते नेमके कधी उघडावेत हे माणसानं पान्यानं ठरवायचं असतं. यालाच टायमिंग लावणं म्हणतात.

ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. त्यामुळे पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी टाकावी लागते. म्हणजे पिस्टन वरून खाली वळेल तेव्हा त्याला पुरेपूर दाब मिळतो. झोका देताना आपण हेच करतो. झोका वर येऊन परत वळतो त्या क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो. उशीर झाला तर आपला जोर वाया जातो. आणि झोका अजून आपल्याकडे येत असतानाच घाईनं ढकलला तर झटका आपल्याच मनगटांना बसतो.

बुलेटच्या पुस्तकात आकडा आहे: पिस्टन वर पोचायला साधारण ०.८ मिलिमीटर बाकी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. मी प्लग काढला, भोकातून सायकलचा स्पोक घातला, व्हर्निअरनं मोजलं. पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला. कागद सुटतो तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. आमच्या गाडीत कागद सुटत होता पिस्टन जवळजवळ वर पोचल्यावर. म्हणजे टायमिंग उशिराचं होतं, पुस्तकापेक्षा बरंच मागे.

मी मनात म्हटलं, मिस्त्रींनी अंदाजपंचे लावलंय. प्लेट थोडी फिरवली, कागद बरोबर ०.८ला सुटायला लागला, स्क्रू आवळले. पहिली किक मी स्वतः मारली. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. पवनीपर्यंत जाऊन आलो. गाडी वेगळीच वाटत होती, हलकी, ओढणारी, पूर्वीसारखी दमलेली नाही. बाबांना म्हटलं, "आता बघा." बाबा म्हणाले, "बरं झालं." मी दुसऱ्या दिवशी नागपूरहून पुण्याची गाडी धरली.

नोव्हेंबरात मिस्त्रींच्या दुकानासमोर उभा राहून मी माझी बाजू मांडत होतो, की आकडा पुस्तकातलाच होता. ते चाकाची हवा बघत होते. वर न बघता म्हणाले, "आकडा बरोबर आहे बाबू. पन पुस्तकातल्या गाडीले नवे स्प्रिंग रायते. आन पुस्तकातल्या मानसाले नवे गुडघे."

मग त्यांनी समजावलं. पॉइंटच्या मागे छोटी वजनं असतात, गाडीचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग आपोआप आणखी पुढे नेतात. गाडी मंद झाली की स्प्रिंग त्यांना परत आत ओढतात. आमच्या गाडीचे स्प्रिंग चाळीस वर्षांत सैल पडले होते. वजनं पूर्ण आत येतच नव्हती. म्हणजे मी मोजताना ०.८ लावलं, पण किक मारताना प्रत्यक्ष टायमिंग कधी कधी त्याहून बरंच पुढे असायचं. मिस्त्रींना हे माहीत होतं म्हणून त्यांनी मुद्दाम मागे लावलं होतं.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. किक मारणं म्हणजे पायाच्या जोरानं पिस्टनला वरचा टप्पा ओलांडून नेणं. जोर भरपूर असेल तर ठिणगी थोडी लवकर पडली तरी चाकाची फेक पिस्टनला पार नेते. जोर कमी असेल तर पिस्टन वर पोचायच्या आतच जळणारं मिश्रण त्याला मागे ढकलतं आणि किकचा दांडा उलटा येऊन पायावर बसतो. म्हणजे लवकरच्या टायमिंगचा फटका सगळ्यात आधी कोणाला बसतो? ज्याच्या पायात जोर कमी आहे त्याला. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. बाबा चौसष्टचे.

"तुनं किक मारून पायलं ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"मारली. पहिल्याच किकला सुरू झाली."

"पन रोज किक कोन मारते?"

आवाज न करणारं इंजिन

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि अपराधी वाटत असलं की मी करतो तेच केलं. ज्या विषयाचं मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून वेड आहे त्यात जाऊन लपलो. तो विषय म्हणजे माझदाचं टर्बो लावलेलं रोटरी इंजिन. ते ज्या आरएक्स-७ गाडीत यायचं, ती भारतात अधिकृतपणे कधी विकायला आली नाही. मी त्या इंजिनाला कधी हात लावलेला नाही. पण त्याचं टायमिंग कसं लावतात हे मी इतक्या वर्षांत इतकं वाचलंय, की आमच्या बुलेटपेक्षा मला त्याची जास्त माहिती होती. यातही एक धडा आहेच.

रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. जर्मन संशोधक फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून ते आलं. लांबट, मधे किंचित आवळलेल्या घरात एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्रिकोणाची तिन्ही टोकं भिंतीला सतत टेकलेली असतात. प्रत्येक टोकाला धातूची एक बारीक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. नंतरच्या आरएक्स-७मध्ये ती साधारण ८० मिलिमीटर लांब आणि अवघी २ मिलिमीटर जाड होती. या पट्ट्या एका कप्प्यातला दाब दुसऱ्या कप्प्यात जाऊ देत नाहीत. पट्टी तुटली की तो दाब गेला, आणि इंजिन उघडण्यावाचून पर्याय उरत नाही.

जळायची जागा लांब आणि चपटी असते, शिवाय सरकत असते, म्हणून एका कप्प्याला दोन प्लग असतात. एक आधी पेटतो, दुसरा काही अंशांनी नंतर. १९८०च्या दशकातल्या टर्बो आरएक्स-७च्या पुलीवर त्यासाठी दोन रंगीत खुणा असायच्या. पिवळी पहिल्या प्लगची, वरच्या टोकानंतर ५ अंशांवर. लाल दुसऱ्याची, २० अंशांवर. आयडलवर असलेल्या इंजिनावर टायमिंग लाइटचा झगझगता प्रकाश टाकायचा आणि खूण काट्यासमोर येते का बघायचं. हे पहिलं काम. कॉम्प्युटर जो आकडा दाखवतो तोच इंजिनात खरोखर घडतोय का, याची आधी खात्री. ही खात्री नसेल तर पुढचे सगळे आकडे निरर्थक. मी बुलेटवर हेच केलं नव्हतं. थांबलेल्या गाडीवर मोजलं आणि चालत्या गाडीतही तेच घडणार असं गृहीत धरलं.

मग खरं काम सुरू होतं. टर्बो हवा दाबून आत भरतो. दाब जास्त म्हणजे मिश्रण जास्त वेगानं आणि जास्त गरम जळतं, म्हणून जसा दाब वाढेल तशी ठिणगी मागे घ्यावी लागते. किती मागे? फारच मागे घेतली तर ताकद जाते आणि जाळ सायलेन्सरच्या बाजूला सरकतो, टर्बो तापून लाल होतो. फार पुढे ठेवली तर उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधी आपणहून भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. साध्या पिस्टनच्या इंजिनात नॉकिंग बऱ्याचदा ऐकू येतं. चढावर जास्त गिअरमध्ये गाडी ओढली की जो टकटक आवाज येतो तोच. इंजिन तक्रार करतं, आपण ऍक्सिलरेटर सोडतो, निभावतं.

टर्बो रोटरीत तसं होईलच याचा भरवसा नसतो. इंजिनाच्या स्वतःच्या गोंगाटात तो आवाज कानाला सापडत नाही, आणि ती २ मिलिमीटरची पट्टी फार वेळा माफ करत नाही. जोराचं नॉकिंग काही वेळा झालं की ती तडकते. तुकडा भिंतीवर ओरखडे काढत फिरतो, मग धुराच्या वाटेनं बाहेर पडताना टर्बोची पाती घेऊन जातो. आपल्याला पहिला आवाज ऐकू येतो तो बहुतेकदा तुटल्याचाच.

या इंजिनाचा हा स्वभाव जुना आहे. हिरोशिमात माझदाच्या केनइची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनिअर त्यावर बसवले होते. सुरुवातीच्या इंजिनांमध्ये सीलच्या थरथरीनं आतल्या भिंतीवर लाटेसारखे चरे पडायचे. त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. इंजिनाची तक्रार भिंतीवर लिहिली जात होती, आणि ती वाचायला इंजिन उघडावं लागत होतं. वर्षांच्या खटपटीनंतर १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली.

म्हणून टर्बो रोटरीचं टायमिंग लावणारे जाणते लोक उलट्या टोकाकडून येतात. आधी ठिणगी भरपूर मागे, पेट्रोल जास्त. मग कमी दाबावर एकेक अंश पुढे. आणि पुढे जाताना एक गोष्ट दिसायला लागते, जी मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटते. टायमिंग पुढे नेल्यानं मिळणारी ताकद सुरुवातीला भराभर वाढते, मग तिचा चढ सपाट होत जातो. शेवटचे दोन-तीन अंश जवळजवळ काहीच देत नाहीत. धोका मात्र सपाट होत नाही. तो तिथेच सगळ्यात वेगानं वाढतो. सहा हजार आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग. एवढ्या चिंचोळ्या जागेत नफा संपतो आणि नुकसान सुरू होतं, आणि मधे कुठेही पाटी लावलेली नसते.

जाणता माणूस तिथे थांबतो. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला तो हिशोब वाटतो. पेट्रोल कधी हलकं मिळेल, मे महिन्याची हवा कधी आत येईल, गाडीचा मालक कधी दुसऱ्या कोणाला चालवायला देईल, हे आत्ता माहीत नाही. त्या माहीत नसलेल्या गोष्टींसाठी सोडलेली जागा म्हणजे ते दोन अंश.

रात्री दीड वाजता हे सगळं पुन्हा वाचताना माझ्या डोक्यात इंजिन राहिलं नाही, बाबा आले. आमच्या बाबांना टकटक आवाज करता येत नाही. किक उलटली, पाय मोडला, आणि ते म्हणाले, अंगणात घसरलो. मला वाईट वाटू नये म्हणून. मी ज्या यंत्रात फेरफार केला त्याचा खरा भार ज्या भागावर येणार होता, तो भाग न बोलता तुटणाऱ्यांपैकी होता. हे मला कळायला हवं होतं, कारण मी त्यांना जन्मापासून ओळखतो.

ज्या यंत्रावर कोणीच बसत नाही

"टायमिंग लावणाऱ्यानं पहिली किक स्वतः मारावी" असं एखादं तत्त्व मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी लगेच मान डोलावली असती. ते ऐकायला न्याय्य वाटतं. धोका ठरवणाऱ्यानं धोका आधी अंगावर घ्यावा. पण मी तर ते तत्त्व पाळलंच होतं. पहिली किक माझीच होती.

रोटरी इंजिनाचीच महाराष्ट्रातली एक गोष्ट इथे आठवते. आपल्याकडे वँकेल इंजिन बनलं ते गाडीसाठी नाही, 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी, ५५ अश्वशक्तीचं. त्याचा गाभा बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं घडवला. ठिणगीची आणि इंधनाची यंत्रणा केली अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं. एप्रिल २००९मध्ये कोलारच्या धावपट्टीवर त्या इंजिनानं निशांत पहिल्यांदा उडालं.

विचार करा, नगरमध्ये बसून या इंजिनाची ठिणगी ठरवणाऱ्या माणसाला पहिली किक स्वतः मारता येणार नव्हती. त्या विमानात बसायला जागाच नाही. इंजिन हवेत बंद पडलं तर पायलटच्या तोंडून काही कळणार नाही, कारण पायलट नाही. आणि खाली कोणाचं तरी शेत असणार. मग काय केलं? इंजिन जमिनीवर दीर्घकाळ चालवून त्याची कठोर परीक्षा घेतली, आणि उडायची परवानगी बनवणाऱ्यांनी स्वतःला दिली नाही, प्रमाणपत्र देणाऱ्या वेगळ्या यंत्रणेनं दिली.

जिथे स्वतः किक मारणं शक्य नसतं तिथे माणसांनी शोधलेली ही दुसरी वाट आहे: यंत्राला आधीच, आपल्यासमोर, तुटायची संधी द्या, आणि 'झालं' हा शब्द दुसऱ्या कोणाला तरी म्हणू द्या. माझ्या बुलेटच्या कामात दोन्ही नव्हतं. मी एकदा पवनीला जाऊन आलो आणि स्वतःच स्वतःला पास केलं.

हात धुवून दाखवणारा माणूस

पहिली किक स्वतः मारण्याचं तत्त्व किती अपुरं आहे याचं याहून भयंकर उदाहरण इंजिनाच्या इतिहासातच आहे, आणि तेही नॉकिंगच्याच गोष्टीत.

डिसेंबर १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना असं आढळलं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, थोडंसं मिसळलं की नॉकिंग थांबतं. हा मोठा शोध होता. टकटक थांबली म्हणजे इंजिनात जास्त दाब चालतो, ठिणगी पुढे नेता येते, त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद काढता येते. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतून हात धुतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. बघा, मला काही होत नाही.

म्हणजे त्यांनी पहिली किक स्वतः मारली. शिवाय त्याच्या आदल्या वर्षी त्यांनाच शिशाच्या विषबाधेमुळे कामातून रजा घ्यावी लागली होती. तरीही मारली.

पण ती किक खोटी होती. धोका मिनिटभरात हुंगण्याचा नव्हताच. रोज, वर्षानुवर्षं, रस्त्याकडेच्या धुळीतून लहान मुलांच्या मेंदूत थोडं थोडं शिसं जाणार होतं. ज्यांना इजा होणार होती त्यांचं शरीर वेगळं, त्यांचा वेळ वेगळा, आणि त्यांना विचारलेलंही नव्हतं. इंजिनाची टकटक थांबली. नुकसान थांबलं नाही, ते अशा जागी सरकलं जिथून आवाज येत नाही. भारतात शिसंमुक्त पेट्रोल सर्वत्र झालं ते १ फेब्रुवारी २०००पासून. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियानं २०२१ साली शिशाचं पेट्रोल बंद केलं. एका प्रयोगशाळेत टकटक थांबल्यापासून शंभर वर्षांनी.

मिजली यांच्याशी माझी तुलना हास्यास्पद आहे, हे मला कळतं. पण गोष्टीचा आकार तोच आहे. मी माझ्या पायानं किक मारली आणि म्हटलं, बघा, काही होत नाही. तो माझा पाय होता.

तीन मिनिटं

यानंतर एक गोष्ट मला राहून राहून आठवायला लागली. मी सॉफ्टवेअर लिहितो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना घरी सोडणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या टीममध्ये होतो. एका थांब्यावर ड्रायव्हरनं किती वेळ थांबायचं याचा एक आकडा होता, पाच मिनिटं. डेटात दिसत होतं की बहुतेक लोक दोन मिनिटांत येतात. मी तो आकडा तीन केला. एका ओळीचा बदल. फेऱ्यांचा सरासरी वेळ कमी झाला, आलेख छान खाली आला, मीटिंगमध्ये कौतुक झालं.

काही महिन्यांनी ऑफिसबाहेर चहा पिताना एका ड्रायव्हरशी सहज बोलत होतो. मी काय करतो हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, पूर्वी मधल्या थांब्यांवर पाय मोकळे करता यायचे, लघवीला जाता यायचं. आता नाही. उशीर झाला तर ऍपमध्ये लाल पडतं, पैसे कापतात. मी विचारलं, ऍपमध्ये तक्रारीचं बटण आहे ना? तो हसला. "साहेब, ते दाबलं की कोणी दाबलं ते पण कळतं ना."

आम्ही म्हणायचो, तक्रारी आल्या नाहीत. म्हणजे टकटक ऐकू आली नाही. टर्बो रोटरीवाला टकटक आली नाही म्हणून निर्धास्त होत नाही, तो उलट सावध होतो. आम्ही सरासरी बघत होतो, आणि सरासरी म्हणजे माझा पाय. रात्री तीन वाजता सहा तास गाडी चालवून झालेला माणूस त्या सरासरीत कुठेच नव्हता.

मी टीममध्ये हे बोललो. बरीच चर्चा होऊन मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्यांसाठी आकडा पुन्हा पाच झाला. दिवसाच्या फेऱ्यांसाठी तीनच राहिला. त्या ड्रायव्हरला हे सांगावंसं वाटलं, पण तो पुन्हा भेटला नाही.

मागे ठेवणं म्हणजेच बरोबर का?

इथे एक सोपा निष्कर्ष समोर येऊन उभा राहतो: नेहमी मागे ठेवा, नेहमी जागा सोडा, आकडे मोठे ठेवा. मला तो पटत नाही. मागे ठेवलेलं टायमिंग फुकट मिळत नाही. बुलेट पेट्रोल जास्त पिते, तापते, चढावर दमते. टर्बो रोटरीत ठिणगी फार मागे गेली तर टर्बो जळतो, म्हणजे अतिसावध माणूसही इंजिन मोडू शकतो, फक्त वेगळ्या बाजूनं. आणि दुसऱ्याच्या वतीनं परस्पर सावध होणं हासुद्धा एक प्रकारचा उद्धटपणा असतो. म्हातारे आहेत, त्यांना कशाला ताकदीची गाडी, असं ठरवणारा मी कोण? हेच मी मिस्त्रींना विचारलं. तुम्ही बाबांना न विचारताच मागे लावलं होतं ना?

ते म्हणाले, "विचारलं होतं. तुनं नाई विचारलं."

दोन वर्षांपूर्वी बाबांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनीच मिस्त्रींना सांगितलं होतं, किक हलकी करून द्या, ओढ कमी झाली तरी चालेल, मला काय शर्यत लावायची आहे? तो सौदा बाबांनी स्वतः केला होता. थोडं पेट्रोल जास्त, थोडी ताकद कमी, पाय शाबूत. मला जो अंदाजपंचेपणा वाटला तो दोन माणसांनी समोरासमोर बसून ठरवलेला आकडा होता. तो कुठल्या पुस्तकात नव्हता म्हणून मला दिसला नाही. मी एक चूक दुरुस्त केली नव्हती, मी एक करार मोडला होता.

म्हणून आता मला 'बरोबर' टायमिंगची व्याख्या अशी वाटते. पुस्तकातला आकडा ही सुरुवात आहे, आणि ती आवश्यक आहे, तो माहीत नसेल तर मागे किती आलो हेही कळणार नाही. पण तो आकडा ज्याच्या पायावर येणार आहे, त्याच्या पायानं तपासल्याशिवाय बरोबर होत नाही. तो माणूस बोलणारा असेल तर त्याला विचारायचं. न बोलणारा असेल, किंवा अजून जन्मलाच नसेल, तर तो गप्प आहे याचा अर्थ त्याला चालतंय असा धरायचा नाही. तिथे दोन अंश सोडायचे, आणि ते आपण कोणासाठी सोडले हे लक्षात ठेवायचं.

फेब्रुवारीत बाबांचा पाय ठीक झाल्यावर मी पुन्हा आसगावला गेलो. नागपूरहून नवे स्प्रिंग नेले होते. मिस्त्रींनी ते बसवले, म्हणाले आता थोडं पुढे घेता येईल. किती घ्यायचं हे त्यांनी मला विचारलं नाही. बाबांना बाजेवरून उठवून गाडीजवळ आणलं. मी सवयीनं किकवर पाय ठेवायला गेलो तर मला बाजूला केलं.

"तुमी मारा," ते बाबांना म्हणाले. "जोरात नोका मारू. रोज सकाळी मारता तशी, दुखत्या पायानं."

बाबांनी हलकीच किक मारली. गाडी सुरू झाली नाही, पण दांडाही उलटला नाही. मिस्त्रींनी प्लेट केसभर मागे घेतली, कागद पुन्हा सरकवून पाहिला. बाबांनी परत मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.